तिसऱ्यांदा नीट देण्याआधी

नीटचा निकाल लागला की पालकांचे तेच प्रश्न सुरू होतात. अजून एक वर्ष रिपीट करू द्यावं का? बीएएमएस घ्यावं की बीडीएस? परदेशात एमबीबीएसला किती खर्च येतो? मुलीला स्वतःला काय आवडतं, असं विचारलं की उत्तर येतं, ‘तिला बायोलॉजी आवडतं, म्हणून तर डॉक्टर!’

2024 मध्ये या परीक्षेसाठी 23 लाखांहून अधिक मुलांनी नोंदणी केली होती. एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. दोनदा मनापासून प्रयत्न करून झाला असेल, तर मुलाला तिसऱ्यांदा त्याच खोलीत कोंडू नका.

फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, ॲग्री यांची माहिती कुठेही मिळते. मला बोलायचं आहे प्रजनन जीवशास्त्राबद्दल. हा विषय काढला की आईवडील संकोचतात, म्हणून तो मुलांपर्यंत पोचतच नाही.

शुक्राणू शरीराबाहेर पडतो तेव्हा पोहू शकतो, पण बीजांड फलित करू शकत नाही. ती पात्रता त्याला स्त्रीच्या प्रजननमार्गात काही तास घालवल्यावर येते. तिला कपॅसिटेशन म्हणतात. 1951 मध्ये अमेरिकेत चांग आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांनी स्वतंत्रपणे ती दाखवली. या काळात बायकार्बोनेटमुळे पेशीतले संदेश बदलतात, आवरणातलं कोलेस्टेरॉल निघून जातं, कॅल्शियम आत येतं आणि शेपटीचे फटकारे जोरकस होतात. याला ऊर्जा लागते, आणि ती दोन ठिकाणी तयार होते. मायटोकाँड्रिया शेपटीच्या सुरुवातीच्या भागात असतात, तर ग्लुकोज तोडणारी विकरं शेपटीच्या पुढच्या लांब भागात, तिथल्या तंतुमय आवरणाला चिकटलेली. यातलं एकच विकर नसलेले उंदीर 2004 मध्ये तयार केले गेले. त्यांचे मायटोकाँड्रिया ऑक्सिजन नीट वापरत होते, तरी शुक्राणू पुढे सरकेनात आणि नर वंध्य निघाले. उलट बैलाच्या शुक्राणूंत हेपरिन या रसायनाने घडवलेलं कपॅसिटेशन ग्लुकोजमुळे अडतं. उंदराला जे तारतं ते बैलाला अडवतं! मग माणसाचं काय? त्यावर काम चालू आहे आणि त्याला माणसं हवी आहेत.

शरीराबाहेरच्या फलनाचं, म्हणजे आयव्हीएफचं तंत्र घडवणारे रॉबर्ट एडवर्ड्स एमबीबीएस नव्हते. ते प्राणिशास्त्र आणि आनुवंशिकी शिकले. 1969 मध्ये त्यांनी मानवी बीजांडाचं शरीराबाहेर फलन साधलं, ते बॅव्हिस्टर या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने हॅमस्टरच्या शुक्राणूंसाठी बनवलेल्या द्रावणात. 1978 मध्ये पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन जन्मली, 2010 मध्ये एडवर्ड्सना नोबेल मिळालं. आपल्याकडे 1986 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांनी हर्षा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवला, तेव्हाही परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सोबत होते.

वाट अशी: प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा बायोटेक घेऊन बी.एस्सी., मग एम.एस्सी. संशोधन करायचं असेल तर नेट-जेआरएफ. परळची ती संस्था आज आयसीएमआरच्या छत्राखाली चालते, तिथे पीएच.डी. होते. प्रयोगशाळेतलं प्रत्यक्ष काम आवडत असेल तर क्लिनिकल एम्ब्रियोलॉजीत एम.एस्सी.; मणिपालला ती आहे. जनावरांची ओढ असेल तर उरुळी कांचनला बाएफ या संस्थेचं काम जाऊन पाहा, गोठवलेल्या रेतमात्रांमागे हेच विज्ञान आहे.

पीएच.डी.ला वर्षं लागतात आणि सुरुवातीला पैसे बेताचे असतात, हे मुलाला आधीच सांगा. ‘लोक काय म्हणतील’ हे मात्र सांगू नका. मुलगी शुक्राणूंवर काम करते हे नातेवाइकांना सांगायला लाज वाटते, म्हणून तिचा प्रवेश बदलायला लावणारे पालक मी पाहिले आहेत. हा अन्याय आहे, आणि तो प्रेमाच्या नावाखाली होतो.

काही महिन्यांत एम्ब्रियोलॉजिस्ट करू म्हणणाऱ्या खासगी डिप्लोमांना लाखो रुपये देऊ नका. 2021 च्या कायद्याने आयव्हीएफ केंद्रांची नोंदणी सक्तीची झाली आणि 2022 च्या नियमांत एम्ब्रियोलॉजिस्टची पात्रता लिहिलेली आहे. ते पान छापून घ्या, संस्थेत जा आणि विचारा: तुमची पदवी यात बसते का, आणि विद्यार्थ्याच्या हाती सूक्ष्मदर्शक कितव्या महिन्यात येतो? उत्तर टाळलं, तर फी न भरता परत या.