दुखलं असतं तर

खोपोलीच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं पाळ्या केल्या. त्यातली शेवटची अकरा वर्षं अंगात शुगर होती. तपासणीत उपाशीपोटी 190 निघाली तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. महिनाभर घेतल्या, बरं वाटलं, सोडून दिल्या. कुणी विचारलंच तर सांगायचो, "शुगर आहे, पण त्रास काही नाही."

त्रास होता. तळव्यांना मुंग्या यायच्या, रात्री आग व्हायची. पुढे तेही थांबलं आणि मला वाटलं, पाय सुधारले. खरं तर वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेनं पायांच्या नसा बधिर केल्या होत्या.

आषाढात कर्जतकडच्या आमच्या शेतावर भाताची आवणी चालू होती. संध्याकाळी घरी आलो, तर ही ओरडलीच, "अहो, लादीवर रक्त कसलं?" दारापासून मोरीपर्यंत उजव्या पायाचे लाल ठसे उमटले होते. चपलेतून वर आलेला चुका बांधापासून घरापर्यंत अंगठ्याखाली टोचत होता, मला पत्ताच नाही. हळद दाबली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरलो. दुखत नव्हतं ना!

पाचव्या दिवशी ताप चढला, पायाला वास येऊ लागला, अंगठा काळा पडला. पनवेलला नेलं तेव्हा पू हाडापर्यंत गेला होता. अंगठा काढावा लागला. त्याच वेळी केलेल्या तपासण्यांत डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके दिसले आणि लघवीतून प्रथिनं जात असल्याचं कळलं. साखरेनं बारीक रक्तवाहिन्या फक्त पायातच बिघडत नाहीत. डोळ्यांत आणि मूत्रपिंडातही तेच चाललेलं असतं, तेही न दुखता.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात सुमारे 10 कोटी मधुमेही असल्याचा अंदाज आहे. त्यांतलाच मी एक. आपल्या भाताच्या मुलखात "भात बंद" कुणी पाळत नाही, म्हणून मी ताटातला भात निम्मा केला, डाळ-भाजी वाढवली. गोळ्या मात्र एक दिवसही चुकवत नाही. दर तीन महिन्यांनी एचबीए1सी (सरासरी साखरेची तपासणी), वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि पायांची संवेदना, एवढं तपासून घेतो. तिशीपुढच्या माणसाची साखर सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात. दिवसाची मजुरी बुडेल म्हणून टाळू नका.

आवणीला गमबूट घाला, आतून आधी हात फिरवून बघा. उन्हात महडला वरदविनायकाला जाल, तर तापलेल्या फरशीवर अनवाणी रांग लावू नका. पाय शेकू नका. गरम पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याला बघायला सांगा. जखम झालीच तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, दुखो वा न दुखो.

आणि आज रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळवे उजेडात धरा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. नजर अधू असेल तर सुनेला, नातवाला बघायला सांगा. लाजू नका.