स्वयंअध्ययन आणि अध्यापकाची बदलती जबाबदारी

वर्गात बसून व्याख्याने ऐकणे, टिपणे उतरवून घेणे आणि वर्षअखेर परीक्षा देणे ही पद्धती आपल्या महाविद्यालयांत दीर्घकाळ रूढ आहे. तीत अध्यापक बोलतो व विद्यार्थी ऐकतो. विद्यार्थिकेंद्रित शिक्षणात हा क्रम पालटतो. विद्यार्थ्याने स्वतः वाचावे, प्रश्न काढावेत, चुका सुधाराव्यात आणि अध्यापकाने त्याला या कामी साहाय्य करावे, अशी या पद्धतीची अपेक्षा असते. ऑनलाइन अभ्यासक्रमांमुळे तिला आता नवे साधन लाभले आहे.

उपलब्ध सोयी

सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये ‘एनपीटेल’ हा उपक्रम हाती घेतला. पुढे ९ जुलै २०१७ रोजी केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू झाले. त्यावरील अभ्यासक्रमाची चार अंगे आहेत : चित्रफितींतील व्याख्याने, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापनाच्या चाचण्या आणि शंकासमाधानाची सोय. शिकण्यास शुल्क नाही. प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी मात्र ते भरावे लागते. या अभ्यासक्रमांचे श्रेयांक पदवीसाठी धरण्याची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये २० टक्के ठेवली होती. २०२१ च्या विनियमांनी ती एका सत्रातील अभ्यासक्रमांच्या ४० टक्क्यांपर्यंत वाढविली.

गळतीचे कारण

सोय झाली म्हणजे शिक्षण झाले, असे मात्र होत नाही. हार्वर्ड विद्यापीठ व एमआयटी यांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१७-१८ मध्ये सहभागी झालेल्या दर शंभर जणांपैकी सुमारे तिघांनीच अभ्यासक्रम पूर्ण केला. काही जण केवळ कुतूहलापोटी नोंदणी करतात, हे खरे. तथापि वेळेचे नियोजन, स्वतःची परीक्षा स्वतः घेणे आणि अडल्यावर मदत मागणे या सवयी आधी लागलेल्या नसतील, तर एकट्याने शिकणारा विद्यार्थी मध्येच थांबतो. ज्याच्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्याला ही अडचण अधिक जाणवते. श्रेयांक पदवीला जोडलेले असल्यास अशा गळतीने त्याचे सत्रच वाया जाऊ शकते.

महाराष्ट्राचा अनुभव

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रात पूर्वीच शोधले गेले आहे. नाशिक येथे १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. प्रा. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. नोकरी, शेती व संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी विद्यापीठाने स्वयंअध्ययनाची पुस्तके तयार केली. परंतु तेवढ्यावर न थांबता ठिकठिकाणी अभ्यासकेंद्रे उघडली आणि तेथे संपर्कसत्रे घेणारे समंत्रक नेमले. विद्यार्थी दूर असला तरी तो एकटा पडू नये, हा या व्यवस्थेचा गाभा होय.

काय करता येईल

महाविद्यालयांना हीच दृष्टी ठेवता येईल. ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी आठवड्यातून एक तास वेळापत्रकात राखून ठेवावा. पाच-सहा विद्यार्थ्यांचे गट करून त्यांनी आठवड्याचा स्वाध्याय एकत्र तपासावा. इंग्रजी व्याख्यानातील कठीण कल्पना अध्यापकाने मराठीतून उलगडून दाखवाव्यात. मागे पडलेल्याची विचारपूस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच व्हावी. हे काम अध्यापकाच्या कार्यभारात मोजले गेले पाहिजे; अन्यथा ते उत्साही व्यक्तींपुरतेच मर्यादित राहील.

ग्रामपंचायतींचाही यात वाटा आहे. पुष्कळ घरांत एकच फोन असतो आणि तो मुलीच्या हाती येण्यास रात्र होते. पंचायतीची इंटरनेट जोडणी चालू असेल, तर गावच्या वाचनालयात एक-दोन संगणक ठेवून मुलींसाठी सोयीची वेळ ठरविता येईल. जेथे इंटरनेट पोहोचत नाही, तेथे ‘स्वयंप्रभा’च्या उपग्रह वाहिन्या दूरचित्रवाणी संचावर दाखविता येतील.

स्वयंअध्ययनामुळे अध्यापकाचे काम कमी होत नाही. ते फळ्यापासून विद्यार्थ्याच्या जवळ येते. ही जबाबदारी महाविद्यालय व गाव यांनी मिळून उचलली, तर नोंदणी केलेला विद्यार्थी अखेरच्या परीक्षेपर्यंत पोहोचू शकेल.