सड्यावरचा वारा आणि सातबारा

देवगडला गेलेला पर्यटक पवनचक्क्यांसमोर फोटो काढल्याशिवाय परतत नाही. वाऱ्यावर वीज करून पाहण्याचे राज्यातले सुरुवातीचे सरकारी प्रयोग ज्या मोजक्या जागी झाले, त्यांत देवगड-जामसंड्याचा सडा होता. धंदा मात्र वाढला तो घाटावर: साताऱ्यात वनकुसवडे-चाळकेवाडी, सांगलीत ढालगाव, धुळ्यात ब्राह्मणवेल. तरी सिंधुदुर्गाच्या मोकळ्या कातळावर कंपन्यांची नजर अधूनमधून पडतेच. मालवण तालुक्यात प्रस्तुत लेखकाच्या गावीही अशी एक कंपनी येऊन गेली. तिचे नाव राहू दे; पद्धत सांगण्याजोगी आहे.

साहेब मागाहून येतो. आधी येतो तो ओळखीतला एजंट. सातबाऱ्यावर डझनभर नावे, निम्मी मुंबईत, वाटप कधीच न झालेले. थोरल्या काकांनी सही केली ती वारा मोजायचा खांब उभा करायला, अशी घरातल्या सगळ्यांची समजूत. कागदात मात्र रस्ता काढण्याचा, तारा नेण्याचा आणि हे सगळे हक्क दुसऱ्या कंपनीला सोपवण्याचा अधिकारही होता. जेसीबीने गडगे पाडून वाट काढली. आघोटीला सड्यावरचे पाणी त्याच वाटेने कुणग्यांत उतरले आणि तरवा मातीखाली गेला. पुढे खांब निघाला, प्रकल्प आलाच नाही. भरपाई मागायला गेले तर जुनी कंपनी हक्क विकून मोकळी झालेली, आणि नवी म्हणते, ते आमच्या वेळचे नव्हे.

खांब का निघाला? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद आठपट होते. त्यामुळे दोन सड्यांमधला थोडासा फरकही कंपनीचा हिशेब पालटतो. आपल्याकडे वाऱ्याची खरी कमाई जून ते सप्टेंबर. उरलेल्या वर्षात खारे-मतलई वारे फार काही देत नाहीत. म्हणून खांब लागला म्हणजे चक्की आली, असे धरून चालू नये. खांबाचा करार वेगळा, थोड्या मुदतीचा आणि फक्त खांबापुरता असावा.

हक्क हातोहात जाणे या धंद्यात रोजचे आहे. जमीन मिळवायची, यंत्र बसवायचे, देखभालही करायची आणि मालकी गुंतवणूकदाराला विकायची, ही रीत तुलसी तांती यांच्या पुण्याच्या सुझलॉनने भारतात रुळवली. त्यात गैर काही नाही. करात घसाऱ्याची घसघशीत सवलत मिळे, म्हणून विजेशी संबंध नसलेल्या उद्योगांनीही चक्क्या घेतल्या. 2017 मध्ये ती सवलत 80 वरून 40 टक्क्यांवर आली. जमीनवाल्याने एवढेच ओळखावे, की आज सही करणारा दहा वर्षांनी समोर असेलच असे नाही. हक्क विकले तरी जुन्या जबाबदाऱ्या नव्या मालकावर बंधनकारक राहतील, हे कलम करारात हवेच.

चक्कीचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे. ती उतरवणार कोण, काँक्रीटचा पाया काढणार कोण? त्यासाठी बँक हमी आधीच मागावी. खाऱ्या हवेत लोखंडाचे काय होते हे मालवणात कोणाला सांगायला नको. इथल्याच राजकोट किल्ल्यावरचा शिवपुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी, उभारल्याला वर्ष व्हायच्या आत कोसळला. नटबोल्ट गंजल्याचे बांधकाम खात्याने त्याआधीच कळवले होते.

शिवाय सडा हा नुसता दगड नव्हे. त्यावर गुरांचे गवत आहे, खालच्या विहिरींचे पाणी आहे आणि कुठे कुठे कातळशिल्पेही आहेत. आपल्याच तालुक्यातल्या कुडोपीची शिल्पे 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. चक्कीपेक्षा तिच्या रस्त्याने जास्त मोडतोड होते, कारण साठ-साठ मीटरची पाती गावातल्या वळणांवरून आणायची असतात. म्हणून रस्त्याचा नकाशा कराराला जोडून घ्यावा आणि पाण्याच्या वाटा त्यावर दाखवायला लावाव्यात.

सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना नीट पाहावा. कूळ, वनसंज्ञा, आकारीपड यांपैकी काही असेल तर आधी तलाठ्याकडे उलगडा करून घ्यावा. सामाईक जमिनीत एकट्याने कुलमुखत्यारपत्र देऊ नये. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच लागतो. साध्या स्टॅम्पपेपरवर भागते असे कोणी सांगितले तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. मसुदा मराठीत मागून घ्यावा आणि चतुर्थीला सगळे भाऊबंद घरी जमले की मोठ्याने वाचावा. आरतीच्या आधी वाचलात तर बरे, नंतर कोणी थांबत नाही.