समाजमाध्यमे : लाभ आणि धोके

कोणत्याही साधनाचे गुणदोष त्याच्या कार्यपद्धतीतच सामावलेले असतात. समाजमाध्यमांच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे. वृत्तपत्रातील मजकूर छापला जाण्यापूर्वी संपादकाच्या नजरेखालून जातो. समाजमाध्यमांत मात्र जो वाचक तोच प्रेषक असतो. शिवाय व्हॉट्सॲपसारख्या माध्यमातून येणारा संदेश बहुधा आप्तांनी अथवा स्नेह्यांनी पाठविलेला असतो आणि पाठविणाऱ्यावरचा विश्वास नकळत मजकुरावरही बसतो. मदतीची हाक वेगाने पोचते ती याच कारणाने, आणि अफवा पसरते तीही याच कारणाने. २०१८ साली भारताने या दोन्ही गोष्टींचा अनुभव घेतला.

त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात केरळात महापूर आला. चेंगन्नूरसारख्या भागांत घरांच्या वरच्या मजल्यांवर अडकलेल्या लोकांनी आपले ठिकाण, सोबतच्या माणसांची संख्या आणि दूरध्वनी क्रमांक समाजमाध्यमांतून कळविले. देशात व परदेशात राहणाऱ्या स्वयंसेवकांनी ही माहिती एकत्र करून बचावकार्य करणाऱ्यांकडे पोचविली. किनाऱ्यावरील मच्छीमारांनी आपल्या नौका मालमोटारींवर चढवून पूरग्रस्त भागात नेल्या व हजारो लोकांचे प्राण वाचविले.

त्यापूर्वी जेमतेम दीड महिना, १ जुलै रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना, मुले पळविणारे समजून, जमावाने मारहाण करून ठार केले. अशी टोळी हिंडत असल्याच्या अफवा त्या काळात अनेक राज्यांत पसरल्या होत्या. त्यांबरोबर फिरणारी एक चित्रफीत वस्तुतः कराचीत पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेल्या बोधपटातील होती. पळविलेले मूल परत आणून सोडल्याचा शेवटचा भाग तेवढा कोणीतरी कापून टाकला होता.

या दोन प्रकारच्या संदेशांची तुलना उद्बोधक ठरेल. पूरग्रस्ताच्या संदेशात माणूस, स्थळ व क्रमांक असे. तो खरा की खोटा, हे दूरध्वनी करून पडताळता येई. अफवेच्या संदेशात मूल कोणाचे, गाव कोणते, दिवस कोणता, यांपैकी काहीच नसे. मात्र चांगल्या हेतूने पाठविलेला संदेशही निर्दोष असतोच असे नाही. सुटका झालेल्या माणसांसाठी मदत मागणारे जुने संदेश केरळात पुढेही फिरत राहिले, कारण त्यांवर वेळ नोंदविलेली नव्हती. मुल्लपेरियार धरण फुटल्याची खोटी बातमीही त्याच दिवसांत पसरली होती.

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास प्रतिबंध केला. अनेकदा पुढे पाठविला गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल, अशी मर्यादा एप्रिल २०२० मध्ये घालण्यात आली. अशा उपायांनी अफवेचा वेग कमी होतो, तिचा खोटेपणा उघड होत नाही. संदेश सांकेतिक रूपात जात असल्याने कंपनीलाही त्यांतील मजकूर वाचता येत नाही. म्हणून संपादकाचे काम येथे संदेश घेणाऱ्यालाच करावे लागते. कोणी पाठविले, कोठून, केव्हा, आणि विचारायचे तर कोणाला, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या संदेशात नाहीत, तो आपल्यापाशीच थांबविणे हे त्याचे कर्तव्य होय.