ई-सायकलला जास्त व्होल्टची बॅटरी लावावी का?

प्रश्न : माझ्या ई-सायकलची बॅटरी ३६ व्होल्टची आणि मोटर २५० वॉटची आहे. चढावर ती दमते. ४८ व्होल्टची बॅटरी लावली तर काम होईल, असं मेकॅनिक म्हणतो. लावू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नुसती बॅटरी बदलू नका. ३६ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट देते, तर ४८ व्होल्टची ५४.६. अनेक ३६ व्होल्टच्या कंट्रोलरमधले कपॅसिटर ५० व्होल्टपर्यंतचेच असतात, त्यामुळे ते उडण्याची भीती असते. जुळणारा कंट्रोलर घातला, तरी चढावर मोटर जास्त तापू शकते. चार्जरही बदलावा लागतो. ४८ व्होल्टचा चार्जर चुकून ३६ व्होल्टच्या बॅटरीला लागला, तर आगीचा धोका असतो.

शिवाय सपाटीवर वेग ताशी ३० किलोमीटरच्या पुढे जाईल. केंद्रीय मोटार वाहन नियमांतली सवलत २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या मोटरला आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या वेगालाच आहे. ती मर्यादा ओलांडली, की नोंदणी, परवाना आणि विमा हे सगळं मागे लागतं.

तुमची अडचण चढाची आहे, वेगाची नाही. मोटर मागच्या चाकात असेल, तर गिअर बदलल्याने तिला फायदा होत नाही, पण तुमच्या पायांना होतो. म्हणून मागे जास्त दात्यांचं फ्रीव्हील बसवा, टायरमध्ये हवा पुरेशी ठेवा आणि चढ लागण्याआधीच पेडल मारायला लागा. बॅटरी लवकर उतरत असेल, तर ३६ व्होल्टचीच, पण जास्त अँपिअर-अवरची घ्या.