रुत्शुरू : प्रशासक, म्वामी आणि जमीन

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या पूर्व टोकाला, उत्तर किवू प्रांतात रुत्शुरू हा ग्रामीण विभाग आहे. पूर्वेस युगांडा व रवांडा, उत्तरेस एडवर्ड सरोवर आणि दक्षिणेकडे न्यिरागोंगो व न्यामुरागिरा हे जागृत ज्वालामुखी. पूर्व आफ्रिकेच्या महाखचदरीच्या पश्चिम शाखेतील ही ज्वालामुखीय मृदा अतिशय सुपीक असून घेवडा, मका, केळी, बटाटा व कॉफी ही येथील प्रमुख पिके होत. मात्र विभागाचा मोठा भाग विरुंगा राष्ट्रीय उद्यानात मोडतो. १९२५ साली बेल्जियन राजवटीने स्थापन केलेले हे उद्यान १९७९ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तेथे शेतीस मनाई असल्याने लोकसंख्येचा सारा भार उरलेल्या जमिनीवर पडतो.

रुत्शुरूचे ब्विशा व ब्विटो असे दोन भाग आहेत. ब्विशात किन्यारवांडाशी निकटची बोली बोलणारे हुटू बहुसंख्य आहेत. ब्विटोत हुंडे, हुटू, नांदे असा मिश्र समाज आढळतो. व्यवहाराची भाषा स्वाहिली. ब्विशातील हुटूंना सरसकट ‘रवांडाचे स्थलांतरित’ समजणे चुकीचे आहे. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज वसाहतकालीन सीमारेषा आखली जाण्यापूर्वीच येथे राहत होते. तरीही १९७२ च्या कायद्याने दिलेले नागरिकत्व १९८१ च्या कायद्याने अनेक किन्यारवांडाभाषकांच्या बाबतीत संशयात टाकले. २००४ च्या कायद्याने हा प्रश्न कागदोपत्री सोडविला.

प्रशासनाची रचना विशेष अभ्यासण्याजोगी आहे. प्रांताखालील ‘टेरिटरी’वर शासननियुक्त प्रशासक असतो, आपल्याकडील तहसीलदाराशी त्याची ढोबळ तुलना करता येईल. परंतु २००६ च्या राज्यघटनेने स्वायत्त स्थानिक संस्थेचा दर्जा टेरिटरीला न देता तिच्या पोटातील ‘शेफ्री’ला, म्हणजे पारंपरिक प्रमुखाच्या क्षेत्राला दिला. ब्विशा व ब्विटो या अशा शेफ्री होत. त्यांचा प्रमुख ‘म्वामी’ वंशपरंपरेने येतो, शासन त्यास मान्यता देते. कर गोळा करणे, तंटे सोडविणे आणि जमीन देणे ही कामे व्यवहारात त्याच्याच छायेखाली चालतात.

खरी अडचण जमिनीची आहे. १९७३ च्या कायद्याने सर्व भूमी राज्याच्या मालकीची ठरविली. परंपरागत ताब्यातील जमिनींसाठी राष्ट्राध्यक्षांचा स्वतंत्र अध्यादेश काढण्याचे त्यात नमूद होते. तो कधीच निघाला नाही. परिणामी एकाच शेतावर एकाकडे सरकारी दाखला, तर दुसऱ्याकडे म्वामीचा शब्द, अशी स्थिती उद्भवते. म्वामी कोणत्या समाजाचा, हा प्रश्न त्यामुळे केवळ प्रतिष्ठेचा राहत नाही, पोटाचा होतो. ब्विटोत हुंडे व हुटू यांच्यातील चुरशीचे हे एक मोठे कारण आहे.

सशस्त्र गटांना येथे आधार मिळतो तो याच वादांतून. एम-२३ या बंडखोर गटाने २०१२ मध्ये रुत्शुरू शहर घेतले व २०१३ मध्ये गमावले. जून २०२२ मध्ये सीमेवरील बुनागाना व त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर रुत्शुरू पुन्हा त्याच्या ताब्यात गेले. त्यानंतर तेथे बंडखोरांनी स्वतःचे प्रशासक नेमले आणि डिसेंबर २०२३ च्या राष्ट्रीय निवडणुकीत या विभागात मतदान होऊ शकले नाही.