चक्कर उन्हाची नव्हती

शिरूर कासारचा एक ऊसतोड मुकादम टोळी ठरवताना हल्ली उचलीआधी विचारतो, ‘घरात कुणी तरणाताठा माणूस अचानक गेलाय का?’

त्याचा धाकटा भाऊ तसाच गेला. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना त्याला आधीही चक्कर आली होती; ऊन, उपाशी पोट, पित्त अशी कारणं निघाली. फडातच कोसळला तेव्हा ‘अटॅक’ म्हणून विषय मिटला. पुढे मुकादमाचा मुलगा पोलीस भरतीच्या १६०० मीटरचा सराव करताना तोंडावर पडला, तेव्हा कुठे बीडला टू-डी इको झाला. हृदयाचा मधला पडदा १८ मिलिमीटर जाड! रक्तदाबासारखं दुसरं कारण नसताना जाडी १५ किंवा जास्त भरली की डॉक्टर त्याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी म्हणतात.

हा आजार बहुधा जनुकातून येतो, आणि त्यात एमवायबीपीसी३ हे नाव वारंवार निघतं. हैदराबादच्या सीसीएमबीतले कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, की या जनुकातली २५ अक्षरं गळालेला प्रकार भारतीय उपखंडात शंभरातल्या साधारण चौघांकडे असतो. ऐकून धडकी भरते खरी. पण त्यातले कितीतरी जण शेवटपर्यंत ठणठणीत राहतात. म्हणून उठसूट जनुक-तपासणीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. आधी ईसीजी आणि इको. जनुक तपासायचा तो आजारी माणसाचा. दोष सापडला तर तेवढाच नातलगांत शोधायचा.

छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट, हे आता गावातही पाठ झालंय. पडदा जाड होऊन रक्ताची वाट अडली असेल, तर त्याच गोळीने माणूस आणखी खचतो. अंगातलं पाणी कमी झालं तरी तेच. मुलाचा रिपोर्ट म्हणूनच मुकादमाच्या खिशात असतो.

भावाच्या पोरांना त्याने लगेच नेलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘बहीण कुठंय?’ गेवराईला दिलेली बहीण कुणाच्या ध्यानातच नव्हती! आईबापांपैकी एकाचा दोष प्रत्येक लेकराकडे, मुलगा असो वा मुलगी, जाण्याची शक्यता निम्मी असते. तिला धाप लागायची, रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. पडदा १४ भरला. घरात आजार असताना १३ सुद्धा पुरतात. तिच्या दहावीतल्या मुलाचा इको स्वच्छ आला, तरी तो दर वर्ष-दोन वर्षांनी करायचा आहे. कबड्डीच्या सरांना तसं सांगून ठेवलंय.